दुपारी न वाहणारा वारा

माझ्या छापखान्यातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने एक वेळ लिहिलेली असते. लग्नपत्रिका छापायला आलेल्या माणसांना ते मुहूर्त वाटतात, पण त्या भरतीच्या वेळा असतात. त्या काढण्याचा ठोकताळा मला वडिलांनी पाढ्यांबरोबर शिकवला. तिथीची पाऊणपट करायची आणि येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास समजायचा. पौर्णिमा आणि अमावास्या या पंधराव्या तिथी, म्हणून सव्वाअकरा. अष्टमीला बरोबर सहा. हिशेब काही मिनिटांनी इकडेतिकडे होतो, परंतु समुद्रावर फिरायला जाणाऱ्या बाईला तेवढा नेमकेपणा पुरतो.

मालवणात राहून कविता लिहिणाऱ्या माझ्यासारखीचा दिवस कसा जातो, असे बाहेरगावची माणसे विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावर बसून क्षितिजाकडे पाहणारी कोणीतरी बाई असते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळते. माझा दिवस पाण्याच्या वेळेवर ठरतो हे मात्र खरे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाचच्या सुमारास पाणी पुरते सुकलेले असते, दांडीच्या किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि मोरयाचा धोंडा या खडकाच्या दिशेने मनसोक्त चालता येते. अष्टमीच्या आगेमागे त्याच वेळी पाणी चढलेले असते, चालायला उरते ती भुसभुशीत, पाय रुतणारी वाळू, आणि म्हणून मी घरीच पडवीत दिवा लावून वही उघडते. कित्येक वर्षांच्या वह्या एकदा तारखांसह चाळल्या, तेव्हा लक्षात आले की माझ्या बहुतेक ओळी उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवसांत चालताना सुचल्या आहेत आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आगेमागच्या, दिवसांत कागदावर उतरल्या आहेत. हे मी ठरवून केलेले नाही. पाण्याने माझे वेळापत्रक आखले आणि मी त्याला सरावले.

या चालण्यात पूर्वी रापण हमखास दिसे. आता ती क्वचित दिसते, आणि दिसली की मी थांबते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणली जातात आणि तीस-चाळीस माणसे दोन रांगांत ती ओढू लागतात. लहानपणी शाळेत जाण्यापूर्वी आम्ही मुले त्या दोराला हात लावायचो. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, हा रापणीचा रिवाज आहे, आणि तो मुलांनाही लागू असे. परकराच्या ओच्यात चार तारल्या घेऊन मी घरी येई. पुढे शाळेत गुरुजींनी वृत्ते शिकवली आणि ओळ म्हणताना श्वास जिथे विसावतो त्या जागेला यती म्हणतात असे सांगितले, तेव्हा मला ती जागा आधीच ठाऊक होती. रापण ओढताना हाक आणि ओढ एकाच क्षणी पडत नाहीत. हाक आधी येते, ओढ मागून येते, आणि दोहोंच्या मध्ये सगळी रांग एकदम श्वास घेते. त्या श्वासाची जागा एकाने जरी चुकवली तरी दोर हातातून सरकतो. ओळीत यती चुकली की मला आजही तळहाताला तो दोर घासल्यासारखे वाटते.

साडेनऊला मी छापखाना उघडते. बाजारपेठेतल्या एका बोळात, कौलारू इमारतीत, वडिलांनी सुरू केलेला हा छापखाना आहे. ते स्वतः जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते. आमच्याकडे आता संगणक आणि ऑफसेट यंत्र आहे, परंतु वडिलांचे पायाने चालवायचे ट्रेडल छपाईयंत्र आणि देवनागरी खिळ्यांची एक केस, म्हणजे खणांची पेटी, मी मोडीत काढलेली नाही. किनाऱ्यावर लोखंड टिकवणे हे स्वतंत्र काम आहे. हवेतले मीठ प्रत्येक फटीत शिरते, म्हणून दर शनिवारी मी ट्रेडलचे सांधे रॉकेलने पुसते आणि तेल घालते. पावसाळ्यात कागद ओल धरून कडेला वळतो, शाई वाळायला दुप्पट वेळ घेते, पावतीपुस्तकांचे गठ्ठे चिकटतात. त्या महिन्यांत काम थोडे असते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात, आणि गावाच्या हातात पैसा फिरत नाही. मासेमारी सुरू झाली की पावतीपुस्तके लागतात, दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा आणि दशावताराचे प्रयोग सुरू झाले की त्यांची हस्तपत्रके येतात, आणि वैशाखात लग्नपत्रिकांमुळे जेवायला वेळ मिळत नाही.

कवीने असे पोटापाण्याचे काम करावे का, यावर शहरांतल्या संमेलनांत चर्चा होते. आमच्या किनाऱ्यावर तो प्रश्न कधी उभा राहिलेला मी पाहिला नाही. १८६६ मध्ये मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांनी शाळामास्तरकी केली, देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत राहिले, आणि आरती प्रभू या नावाने लिहिणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी इथून जवळच कुडाळात खाणावळ चालवली. खाणावळीचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. गिऱ्हाईक पानावर बसलेले आहे, भात संपत आला आहे आणि मनात एक ओळ अर्धी राहिली आहे, ही अवस्था मला पत्रिकेची प्रूफे तपासताना रोज ओळखीची वाटते. त्यांच्या प्रतिभेशी माझे नाते सांगण्याचे धाडस मी करणार नाही. अर्ध्या राहिलेल्या ओळीशी मात्र आहे.

छापखान्यामुळेच माझ्याकडे मंगलाष्टके रचण्याचे काम येते. वर्षाला पंचवीस-तीस तरी होतात. पत्रिका छापायला टाकताना वधूचे वडील किंवा मामा ओशाळल्यासारखे विचारतात, ‘चार कडवी जमतील काय?’ आणि एका कागदावर दोन्ही घरांतली नावे लिहून देतात. मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडित वृत्त. एका चरणात एकोणीस अक्षरे, म स ज स त त ग असे गण आणि बाराव्या अक्षरावर यती. भावना कितीही असली तरी लघु-गुरूचा हा आराखडा हलत नाही, आणि नावे तर बदलता येत नाहीत. सावित्री या नावात त्री या जोडाक्षरामुळे वि गुरू होतो, तिन्ही अक्षरे गुरू मिळतात आणि चरणाची सुरुवात जणू त्या नावासाठीच मोकळी ठेवल्यासारखी वाटते. मनाली या नावात पहिले अक्षर लघू आणि पुढची दोन गुरू. यती सांभाळायची तर ते यतीनंतरच्या सात अक्षरांतच, पंधराव्यापासून सतराव्या स्थानापर्यंत बसते, दुसरीकडे कुठेही बसत नाही. म्हणजे मनालीच्या मंगलाष्टकात तिच्या नावाची वाट पाहतच ओळ चालावी लागते. हे काम मी माझ्या ‘खऱ्या’ कवितेहून हलके मानत नाही. जिथे कवितेचे सगळे श्रोते अक्षता हातात घेऊन उभे असतात आणि प्रत्येकजण आपल्या घरातले नाव ऐकू येईल म्हणून कान देऊन असतो, तिथे ओळ कच्ची ठेवणे मला जमत नाही.

माझ्या छापलेल्या कवितांचे श्रोतेही तेच आहेत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती मला एका तांडेलांनी, म्हणजे होडीवरच्या प्रमुखांनी, शिकवली.

मच्छीमार सोसायटीच्या कामासाठी ते छापखान्यात येत. तेव्हा त्यांनी होडीवर जाणे सोडले होते, परंतु वाडीत त्यांचा शब्द चाले. एका दिवाळी अंकात माझी कविता आली होती आणि अंक टेबलावर पडला होता. काम होईपर्यंत त्यांनी तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि कविता ओठ हलवत सावकाश वाचली. ती दुपारवरची कविता होती. उन्हात निजलेली वाडी, वाळत घातलेली जाळी, आणि शेवटच्या कडव्यात झापांच्या कुडांतून शिरणारा मतलई वारा. संपादकांनी ते कडवे आवडल्याचे पत्राने कळवले होते. तांडेलांनी अंक परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, ‘गो बाय, दुपारी खयचो मतलई? दुपारी खारो वारो. मतलई रातीचो.’

एवढेच बोलून ते पावतीपुस्तके घेऊन गेले. मी तशीच बसून राहिले. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो आणि त्याला मतलई म्हणतात. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो आणि तो खारा वारा. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा माणसे मतलईवर पहाटेपूर्वी बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. हे मी शाळेच्या भूगोलात वाचले होते, दांडीवर जन्मापासून अंगावर घेतले होते, आणि तरीही कवितेत चुकीचे लिहिले होते, कारण मतलई हा शब्द मला गोड वाटला आणि मात्रांत बसला. मतलईच्या पाच मात्रा होतात, खाराच्या चार. एका मात्रेसाठी मी वारा उलटा वाहवला होता.

संग्रहात घेताना ती ओळ दुरुस्त करायची होती. अकरा महिने मी ती सोडवत बसले. ‘खारा’ घातला की ओळ लंगडी पडे, आणि एक मात्रा वाढवण्यासाठी शब्द भरला की तो भरलेला दिसे. ‘समुद्रवारा’ म्हटले असते तर मात्रा जुळवता आल्या असत्या, पण आमच्याकडे वाऱ्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. शेवटी माझ्या लक्षात आले की मला तो शब्द सोडायचाच नाही, आणि शब्द ठेवायचा तर कवितेची वेळ बदलली पाहिजे. मतलई रात्रीचा असेल, तर कविता रात्रीची व्हायला हवी.

दुपार काढून टाकली तेव्हा तिच्याबरोबर निजलेली वाडीही गेली, कारण मतलई सुटतो त्या वेळी वाडी निजलेली नसते. मला आमच्या शेजारच्या खळ्यातले आवाज आठवू लागले. तीन वाजता चुलीत फुंकणीने घातलेली फुंकर, पेजेच्या टोपावरचे झाकण, कोणी तरी हलक्या आवाजात केलेली चौकशी, पुरुष बाहेर पडल्यावर पुन्हा कडी न घालता नुसते लोटलेले दार. माझे वडील मासेमार नव्हते, आमच्या घरात त्या वेळी कोणाला उठायचे नसे, आणि तरी माझी आई त्या आवाजाने जागी होई व अंथरुणातच उठून बसे. का बसे, ते मी तिला कधी विचारले नव्हते. कविता लिहिता लिहिता ते मला समजले: तिचा भाऊ होडीवर जात असे, आणि लग्न होऊन बाजारपेठेतल्या माणसाच्या घरी आली तरी तिची ती वेळ चुकली नव्हती. चुकीचा वारा तसाच राहिला असता तर ही कविता मला कधी सापडली नसती. मूळ कवितेतली एकही ओळ आता उरलेली नाही. फक्त मतलई हा शब्द आहे, आणि तो आता त्याच्या वेळेला वाहतो.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. कविता अंकाकडे पाठवण्याआधी, ज्या वस्तूविषयी ती आहे ती वस्तू ज्याच्या हातात रोज असते, त्या माणसाला मी ती वाचून दाखवते. किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींवर लिहिले, तेव्हा त्यांचे पाणी लहानपणापासून पिणाऱ्या किल्ल्यावरच्या एका बाईंकडे गेले. चारही बाजूंना खारे पाणी असताना आत गोडे पाणी देणाऱ्या विहिरींना माणसांनी दूध, दही आणि साखर अशी नावे ठेवली, यापेक्षा चांगली उपमा मला सुचली नाही, असे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले. त्यांनी कविता ऐकली आणि माझ्या दुसऱ्या कडव्यातला रहाट काढायला लावला. आपण पोहऱ्यानेच पाणी काढत आलो, असे त्या म्हणाल्या. रहाट माझ्या आजोळच्या विहिरीवरचा होता. काढला.

कोणी म्हणेल की कवितेला असा हिशेब लावू नये, कल्पनेला मोकळीक असावी. मोकळीक असावीच. समुद्र बोलतो असे मी कितीतरी वेळा लिहिले आहे आणि एकाही मासेमाराने त्याला हरकत घेतलेली नाही. त्यांना कल्पना खटकत नाही. न पाहता लिहिलेले खटकते.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, त्याविषयीही लिहायला हवे, कारण माझ्या छापखान्यातली सर्वांत विचित्र कविता त्या दिवसांत तयार झाली. माड आणि फणस मोडून पडले होते, छापखान्याची पश्चिमेकडची कौले उडाली होती, आणि वीज कितीतरी दिवस आली नाही. संगणक आणि ऑफसेट यंत्र मुके होऊन पडले होते. ट्रेडलला मात्र विजेची गरज नव्हती. केसमधल्या भिजलेल्या खणांतले पाणी काढून मी खिळे उन्हात पसरले, आणि ते पुसता पुसता वादळाची एक कविता थेट जुळवायला घेतली, वहीत न लिहिता. वडील असते तर त्यांनी माझ्या बोटांचा वेग पाहून काहीच न बोलता खिळे जुळवायची स्टिक काढून घेतली असती. आठव्या ओळीवर ळ संपले. त्या मापाचे चौदाच ळ माझ्याकडे शिल्लक होते, आणि वादळ, नारळ, झावळ, काळोख, सकाळ, कोसळणे, उन्मळणे असे जे जे शब्द त्या आठवड्याला लागत होते त्या प्रत्येकात ळ होता. कविता बदलण्याऐवजी मी आठ ओळी छापून घेतल्या, जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा सोडला, खिळे धुऊन आपापल्या खणांत टाकले आणि त्याच चौदा ळ घेऊन पुढच्या आठ ओळी जुळवल्या. पन्नास प्रती निघाल्या. वाडीत कोणाची किती कौले गेली, कोणाच्या होडीचे काय झाले, याच्या याद्या करत फिरणाऱ्या मुलांच्या हाती मी त्या दिल्या.

खिळ्याच्या धातूत मुख्यत्वे शिसे असते, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असते. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले आणि तटाच्या पायातले दगड बसवताना शिसे ओतले, असे आमच्याकडे सांगतात. पहाटे सुकतीला तिथून चालताना पलीकडे तट दिसतो. लाटांशी झुंजणाऱ्या पायात आणि माझ्या केसच्या खणांत एकच धातू आहे, या गोष्टीचे मला लहानपणी अप्रूप होते. ते अजून कमी झालेले नाही, आणि त्यावर कविता मात्र मला अजून लिहिता आलेली नाही. पाया रचणाऱ्या माणसाला दाखवून घेता येईल अशी सोय नाही, हे त्याचे एक कारण असावे.

परवा तांडेल पुन्हा आले. आता ते काठी घेऊन चालतात आणि पायरी चढताना दाराची चौकट धरतात. नातीच्या लग्नाची पत्रिका टाकायची होती. मजकूर त्यांच्या मुलाने मोबाइलवर आधीच पाठवला होता, पण ते स्वतः आले, कारण मंगलाष्टक मागायला माणसाने स्वतः यावे असे त्यांचे मत आहे. नावांचा कागद त्यांनी घडी उलगडून माझ्यासमोर ठेवला. नातीचे नाव तीन अक्षरांचे, पहिले लघू आणि पुढची दोन गुरू. त्यांच्या दिवंगत पत्नीचे नावही कागदाच्या तळाशी होते. वारा घालू का, असे मी विचारले. त्यांनी थोडा वेळ विचार केला. ‘लगीन दुपारचा आसा,’ ते म्हणाले, ‘खारो घाल.’

खारा म्हणजे दोन गुरू. शार्दूलविक्रीडितात दोन गुरूंना जागा पुष्कळ आहेत. चरणाच्या आरंभी आहे, यती ओलांडल्यावर लगेच आहे. यतीनंतर वारा आणि त्याच्या पाठोपाठ नातीचे नाव, असा चरण मी काल रात्री धरला आहे, आणि त्या दोघांच्या आधीची बारा अक्षरे आजीच्या नावासाठी मोकळी ठेवली आहेत. उद्या एकादशी, भरती सव्वाआठला. तोपर्यंत वाळू बुडालेली असेल, तेव्हा पहाटे मी पडवीतच बसेन.